तळ्यावरची आगबोट : विंडरमियरच्या लाकडी वाफनौका आणि त्यांच्या जतनाचा इतिहास

प्रस्तावना :

इंग्रजीने ज्या यानाला वाफेचे नाव दिले, त्याच यानाला मराठीने आगीचे नाव दिले. आगगाडी आणि आगबोट या दोन्ही शब्दांची घडण पाहता, ते रूढ करणाऱ्यांच्या मनावर न दिसणाऱ्या वाफेपेक्षा डोळ्यांसमोर धडधडणाऱ्या भट्टीचे चित्र अधिक ठसले होते असे दिसते. मराठी वाचकाला आगबोट म्हटले की मुंबई बंदर, रत्नागिरी, मालवण, पणजी हा सागरी मार्ग आठवतो. खाऱ्या पाण्यावर चालणारे, शेकडो उतारू वाहणारे ते लोखंडी जहाज होते. परंतु वाफेच्या नौकेची आणखी एक जात होती. ती आकाराने लहान, लाकडी बांधणीची आणि गोड्या पाण्यावर फिरणारी होती. इंग्लंडच्या वायव्य भागातील सरोवर प्रदेशात, विशेषतः विंडरमियर या सरोवरावर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या जातीचा विशेष विकास झाला आणि तिच्यातील काही नौका आजही अस्तित्वात आहेत.

या नौकांविषयी लिहिताना त्यांच्या देखणेपणाचे वर्णन करण्याचा मोह होतो व तो अस्थानी नाही. चकचकीत पितळ, तेलपाणी केलेले सागवान, पाण्यावर जवळजवळ निःशब्द सरकणारी देहयष्टी हे सर्व खरोखरच मोहक आहे. तथापि इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे. लाकूड कुजते, लोखंड गंजते आणि आग दोघांनाही झिजविते. असे असता यांतील काही नौका सव्वाशे-दीडशे वर्षे टिकल्या कशा? आणि ज्या कौतुकापोटी आज त्यांचे जतन केले जाते, ते कौतुक त्यांना तारक ठरते की मारक? प्रस्तुत निबंधात या दोन प्रश्नांचा विचार केला आहे.

सरोवरावर वाफेचे आगमन :

विंडरमियर हे इंग्लंडमधील सर्वांत मोठे नैसर्गिक सरोवर असून त्याची लांबी सुमारे १७ किलोमीटर आहे. १८४४ साली या परिसरात लोहमार्ग आणण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा वृद्ध कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थ यांनी त्यास जाहीर विरोध केला. निसर्गाच्या सान्निध्यात लाभणारी शांतता गर्दीने नष्ट होईल, अशी त्यांची भीती होती. तरीही १८४७ मध्ये सरोवराच्या काठाजवळ रेल्वे पोहोचली. वस्तुतः आग त्याआधीच पाण्यावर आली होती. १८४५ साली ‘लेडी ऑफ द लेक’ ही चाकांच्या वल्ह्यांची लाकडी वाफनौका विंडरमियरवर प्रवासी वाहू लागली होती. पुढे १८६९ मध्ये फर्नेस रेल्वेचा फाटा सरोवराच्या दक्षिण टोकाला लेकसाइड येथे आला आणि गाडीतून उतरून बोटीत बसण्याची सोय झाली. सार्वजनिक वाहतुकीच्या मोठ्या नौका आता लोखंडाच्या बनू लागल्या. शेजारच्या कॉनिस्टन सरोवरावर १८५९ साली पाण्यात सोडलेली ‘गोंडोला’ ही प्रसिद्ध वाफनौकाही लोखंडी बांधणीचीच होती.

खासगी मालकीची सर्वांत गाजलेली नौकादेखील लोखंडीच होती. बॅरो येथील लोहउद्योगाचे धनी हेन्री श्नायडर यांनी १८६९ साली ‘एस्पेरान्स’ बांधून घेतली. बाउनेस येथील आपल्या प्रासादातून ते सकाळी धक्क्यावर येत, चांदीच्या तबकात न्याहारी घेतलेला खानसामा त्यांच्यापुढे चालत असे, बोटीत न्याहारी आटोपून ते लेकसाइडला उतरत व तेथून रेल्वेने बॅरोच्या कचेरीत जात, अशी आख्यायिका तेथे रूढ आहे. लोखंडावर संपत्ती कमावणाऱ्या माणसाने लोखंडी नौका वापरावी हे ओघानेच आले.

मात्र त्यानंतरच्या तीन-चार दशकांत सरोवरावर ज्या खासगी वाफनौका उतरल्या, त्यांत लाकडी नौकांचे प्रमाण लक्षणीय होते. १८९६ ची ‘ब्रँक्सम’, १८९८ ची ‘किटिवेक’, १९०२ ची ‘ऑस्प्रे’ आणि १९११ ची ‘स्वॅलो’ ही त्यांची टिकून राहिलेली उदाहरणे होत. याचे कारण स्थानिक कारागिरीत सापडते. बाउनेस आणि आसपासच्या होडीबांधणी शाळांना लाकडाचे काम पिढ्यान्‌पिढ्या अवगत होते. वल्ह्यांच्या व शिडांच्या होड्या बांधणारे हेच हात वाफनौकेचाही सांगाडा उभारीत. इंजिन मात्र बाहेरून येत असे. ग्लॉस्टर येथील सिसन या कारखान्याची लहान, सुबक इंजिने त्यासाठी विशेष नावाजलेली होती. त्यामुळे प्रत्येक नौका म्हणजे गावच्या सुताराचे आणि दूरच्या यंत्रशाळेचे संयुक्त अपत्य असे.

बांधणी आणि यंत्र :

उत्तम प्रतीच्या नौकांमध्ये फळ्या एकमेकींवर न चढविता कडेला कड भिडवून बसवीत. मधल्या फटींत कापसाची दोरी ठासून वरून लुकण भरीत. फळी पाण्यात भिजली की फुगते आणि सांधा आपोआप घट्ट होतो, हे या बांधणीचे मर्म आहे. म्हणजेच अशी नौका पाण्यात असतानाच खऱ्या अर्थाने पूर्ण असते. ती दीर्घकाळ कोरड्यात ठेवली तर फळ्या आकसतात, सांधे सुटतात आणि पुन्हा पाण्यात सोडताच ती गळू लागते. जतनाच्या पुढील सर्व अडचणींचे बीज या साध्या वस्तुस्थितीत आहे.

सागवानाचा मान या कामात मोठा होता. त्यातील नैसर्गिक तेलामुळे ते कुजण्यास विरोध करते. ही गोष्ट इंग्रज नौकाबांधणाऱ्यांना भारतातूनच उमगली होती. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी मलबारी सागवानातून १८१७ साली बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका आजही इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. सागवानाच्या चिवटपणाचा याहून मोठा दाखला देण्याची आवश्यकता नाही.

यंत्राची रचना थोडक्यात अशी. बाष्पकात कोळशाच्या जाळावर वाफ तयार होई. संयुक्त इंजिनात ती प्रथम लहान नळकांड्यात पूर्ण दाबाने काम करी आणि तेथून बाहेर पडताना उरलेल्या दाबाने मोठ्या नळकांड्यात पुन्हा काम करी. या गतीने नौकेच्या मागील बाजूचा पंखा फिरे. समुद्रावर बाष्पकाला गोड्या पाण्याची चणचण असते, कारण खारे पाणी उकळले की क्षारांचे थर साचतात. सरोवरावर ही चिंता नव्हती. पाणी गोडे, मृदू आणि हाताच्या अंतरावर होते. त्यामुळे यंत्रणा लहान व सुटसुटीत ठेवता आली. इंजिनात स्फोट होत नसल्याने आवाजही अत्यल्प असे. कपड्यांच्या सळसळीइतक्या आवाजात इंजिन चालत असताना शेजारी बसून गप्पा मारता येत, ही सोय पुढे आलेल्या पेट्रोल इंजिनाला कधीच देता आली नाही.

या नौकांवर आणखी एक खास उपकरण असे व ते तेथे ‘विंडरमियर किटली’ म्हणून ओळखले जाते. तांब्याच्या भांड्यात नळीचे वेटोळे बसवून त्यातून बाष्पकातील वाफ सोडली की चहाचे पाणी काही सेकंदांत उकळते. जहाजाला ओढून नेणारी शक्ती क्षणभर चहाकडे वळवावी, यात त्या काळातील यंत्राविषयीचा आत्मविश्वास आणि मालकवर्गाची ऐषआरामी वृत्ती या दोहोंचे दर्शन घडते.

ऐश्वर्याचा स्रोत :

ही ऐषआरामी वृत्ती कोणत्या पैशावर पोसली गेली, हा प्रश्न नौकांच्या कौतुकात बहुधा मागे पडतो. विंडरमियरच्या काठावरील अनेक प्रासाद लँकेशायर व मँचेस्टर येथील उद्योजकांचे होते आणि त्या संपत्तीत कापडगिरण्यांचा व कापड व्यापाराचा वाटा मोठा होता. लोहमार्गामुळे मँचेस्टर आणि सरोवर यांतील अंतर काही तासांवर आले. धुराने काळवंडलेल्या शहरात पैसा मिळवावा आणि स्वच्छ पाण्यावर तो खर्चावा, अशी ही व्यवस्था होती.

लँकेशायर हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, तेथील गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, तेव्हा पश्चिम भारतातील कापसाला अभूतपूर्व भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला आणि युद्ध संपताच १८६५ मध्ये तो तितक्याच वेगाने ओसरला. युद्धानंतर लँकेशायर भारतीय कापसावर फारसे अवलंबून राहिले नाही. परंतु तेथील कापडाची मोठी बाजारपेठ भारत हीच राहिली. या बाजारपेठेच्या रक्षणासाठी तेथील गिरणीमालकांनी ब्रिटिश सरकारवर सातत्याने दबाव आणला. १८९६ साली आयात कापडावरील जकात साडेतीन टक्क्यांवर आणण्यात आली आणि भारतीय गिरण्यांत विणलेल्या कापडावरही तेवढेच अबकारी शुल्क बसविण्यात आले. त्याविरुद्ध पुण्यात विदेशी कापडावरील बहिष्काराची चळवळ झाली व लोकमान्य टिळकांनी तिचा पुरस्कार केला. हे शुल्क पुढे जवळजवळ तीस वर्षे टिकून १९२६ मध्ये रद्द झाले.

‘ब्रँक्सम’ ही १८९६ चीच नौका. सुमारे पन्नास फूट लांबीच्या या नौकेत अक्रोडाच्या लाकडाची कोरीव तावदाने व उठावाचे नक्षीकाम केलेले चामडे बसविलेले आहे. अमुक नौकेचा पैसा थेट मुंबईच्या बाजारातून आला असे सिद्ध करता येत नाही व तसा आरोप करण्याचेही प्रयोजन नाही. मात्र ज्या आर्थिक व्यवस्थेने या काठावर प्रासाद व नौका उभ्या केल्या, तिचा एक पाय वऱ्हाड-खानदेशच्या कापडाच्या दुकानांत होता, हे नोंदविल्याखेरीज या नौकांचा इतिहास पूर्ण होत नाही. केवळ सुतारकामाची स्तुती करून थांबणारे लेखन अर्धेच सांगते.

ऱ्हास :

पहिल्या महायुद्धानंतर या वैभवाला ओहोटी लागली. वाफनौका चालवायची तर निघण्यापूर्वी भट्टी पेटवून वाफ धरण्यास बराच अवधी लागे, कोळसा भरावा लागे, राख काढावी लागे व त्यासाठी जाणकार माणूस पदरी ठेवावा लागे. घरगुती नोकरवर्ग आता पूर्वीसारखा स्वस्त व मुबलक राहिला नव्हता. पेट्रोल इंजिन मात्र मालकाला स्वतः सुरू करता येई. परिणामी अनेक नौकांमधून बाष्पक व इंजिन काढून टाकण्यात आले, काही नौका भंगारात गेल्या, काही बोटघरांत विसरल्या गेल्या. ‘गोंडोला’ने १९३६ पर्यंत प्रवासी वाहिले. त्यानंतर ती इंजिनविरहित घरबोट झाली व अखेर काठाशी मोडकळीस आली. ‘एस्पेरान्स’देखील १९४१ मध्ये बुडाली व नंतर वर काढण्यात आली.

टिकण्याचे रहस्य :

या सर्व नौकांमध्ये ‘डॉली’ची कथा सर्वांत बोधक आहे. सुमारे १८५० साली बांधलेली ही लाकडी वाफनौका विंडरमियरहून अल्सवॉटर या दुसऱ्या सरोवरावर नेण्यात आली होती. १८९५ च्या कडाक्याच्या हिवाळ्यात सरोवरे गोठली, तेव्हा ‘डॉली’ बर्फामुळे बुडाली. पुढे तिचा कोणी शोध घेतल्याचे दिसत नाही. १९६० च्या सुमारास हौशी पाणबुड्यांना ती तळाच्या गाळात आढळली आणि १९६२ साली, म्हणजे ६७ वर्षांनी, ती वर आणण्यात आली. तिचा लाकडी सांगाडा शाबूत होता, इतकेच नव्हे तर तिचे मूळ इंजिनही दुरुस्तीनंतर पुन्हा वाफेवर चालले. मूळ इंजिन कायम असलेल्या जगातील सर्वांत जुन्या यांत्रिक नौकांमध्ये तिची गणना होते.

यात चमत्कार नाही. समुद्रात बुडालेल्या लाकडाला टेरेडो हा शिंपल्याच्या कुळातील प्राणी पोखरून काही वर्षांत त्याची चाळण करतो. त्याला जगण्यासाठी खारट पाणी लागते. म्हणूनच बाल्टिक समुद्राच्या अल्पक्षार पाण्यात १६२८ साली बुडालेली स्वीडनची ‘वासा’ ही युद्धनौका १९६१ मध्ये जवळजवळ अखंड वर काढता आली. अल्सवॉटरचे पाणी तर पूर्णपणे गोडे. त्यात तळाची थंडी, अंधार व गाळातील प्राणवायूचा अभाव यांची भर पडली. बुरशी आणि गंज या दोघांनाही हवा लागते व ती तेथे नव्हती.

गोड्या पाण्याचा लाकडावर दुहेरी परिणाम होतो, ही येथे लक्षात घेण्याजोगी बाब आहे. खालचे पाणी रक्षण करते आणि वरचे पाणी नाश करते. समुद्राच्या क्षारामुळे बुरशीला काहीसा अटकाव होतो, पण पावसाचे गोडे पाणी तक्तपोशीच्या फटींत मुरले की लाकूड आतून कुजते. सरोवर प्रदेश हा इंग्लंडमधील सर्वाधिक पावसाच्या भागांपैकी एक आहे. त्यावर तेथील लोकांनी काढलेला उपाय म्हणजे पाण्यावर बांधलेले छपराचे बोटघर. नौका पाण्यात राही, त्यामुळे फळ्या फुगलेल्या राहत. डोक्यावर छप्पर असे, त्यामुळे पाऊस लागत नसे. ‘ब्रँक्सम’सारख्या नौका टिकल्या त्याचे श्रेय मालकांच्या रसिकतेइतकेच या दगडी बोटघरांना द्यावे लागते.

म्हणजे कौतुकाने जेवढे वाचविले त्याहून कदाचित अधिक दुर्लक्षाने वाचविले. ‘डॉली’ वापरात राहिली असती, तर एव्हाना तिचे इंजिन बदलले गेले असते आणि फळ्या सरपणात गेल्या असत्या. ती बुडाली म्हणून उरली.

जतनाचा पेच :

या नौकांकडे वारसा म्हणून पाहण्याची दृष्टी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. विंडरमियरच्या परिसरातील बांधकाम व्यावसायिक जॉर्ज पॅटिन्सन यांनी अशा नौकांचा संग्रह केला व त्यातून १९७७ साली बाउनेसजवळ वाफनौकांचे संग्रहालय उभे राहिले. ते २००६ मध्ये बंद पडले. पुढे लेकलँड आर्ट्‌स या संस्थेने संग्रह ताब्यात घेतला आणि मार्च २०१९ मध्ये ‘विंडरमियर जेटी’ या नावाने नवे संग्रहालय खुले झाले. त्याच्या मध्यभागी इमारतीच्या आतच पाण्याची गोदी आहे. जुन्या बोटघरामागील शहाणपण आधुनिक वास्तुरचनेने असे उचलले, हे प्रशंसनीय होय.

परंतु मूळ पेच सुटलेला नाही. एकाच वाफनौकेत तीन भिन्न आयुर्मर्यादा एकत्र नांदतात. इंजिन तेलपाण्यावर शतकभर चालू शकते. बाष्पक तितके टिकत नाही. दाबाखालील जुने, रिव्हेट मारलेले बाष्पक सुरक्षिततेच्या तपासणीत एके दिवशी नापास होतेच व त्या जागी नवे बसवावे लागते. लाकडाचे आयुष्य या दोहोंच्या मध्ये कोठेतरी, ओलाव्याच्या कृपेवर अवलंबून असते. आज धूर सोडीत जाणारी ‘पुरातन’ वाफनौका पाहताना प्रेक्षक ज्याचे कौतुक करतो, त्यातील नेमका कोणता भाग पुरातन आहे, हे सहसा त्याला ठाऊक नसते.

‘गोंडोला’च्या बाबतीत याचे एक उत्तर दिले गेले. नॅशनल ट्रस्टने ती मिळविली तेव्हा मूळ सांगाडा दुरुस्तीपलीकडे गेला होता. त्यामुळे बॅरो येथे तिची जवळजवळ संपूर्ण पुनर्बांधणी करण्यात आली व १९८० पासून ती पुन्हा कॉनिस्टनवर फिरू लागली. प्रवासाचा अनुभव परत आला, परंतु १८५९ चे लोखंड फारसे उरले नाही. ‘डॉली’ला याच्या उलट न्याय लावला गेला. तिची मोलाची गोष्ट म्हणजे तिचे मूळ द्रव्यच असल्याने ती प्रदर्शनवस्तू म्हणून जपली जाते. ‘ऑस्प्रे’ मात्र दुरुस्त करून प्रेक्षकांना पाण्यावर नेण्यासाठी सज्ज करण्यात आली.

यांपैकी कोणतेही एक उत्तर सर्वांना लागू करणे योग्य नव्हे. तरीही चालत्या नौकेच्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद आहे. वाफनौका ही शिल्पासारखी स्थिर वस्तू नाही. भट्टी किती वेळाने चाळवावी, पाण्याची पातळी नळीत कोठे ठेवावी, धक्क्याशी येताना वाफ केव्हा तोडावी हे ज्ञान पुस्तकात राहत नाही, ते हातात राहते. नौका थांबली की एका पिढीत ते लोप पावते. सागवानी फळी वाकवून बसविणाऱ्या सुताराचेही तसेच. नव्या संग्रहालयात दुरुस्तीची कार्यशाळा प्रेक्षकांच्या नजरेसमोर ठेवली आहे, ती याच कारणाने अर्थपूर्ण वाटते. मात्र प्रत्येक फेरीत नौका थोडी झिजते, हेही तितकेच खरे. म्हणून ज्या जातीचा एकच नमुना उरला आहे तो थांबवावा आणि जिचे अनेक उरले आहेत त्यांतील एखादी चालवावी, हा मार्ग व्यवहार्य दिसतो.

अलीकडच्या काळात या प्रश्नाला दोन नवे पदर जोडले गेले. २००५ साली विंडरमियरवर नौकांच्या वेगावर ताशी सुमारे १० मैलांची मर्यादा घालण्यात आली. वेगवान मोटारबोटींचा वावर त्यामुळे आटला आणि सरोवरावरील गती पुन्हा वाफनौकेच्या गतीच्या जवळ आली. दुसरा पदर इंधनाचा आहे. जुन्या बाष्पकांना मानवणारा, कमी धुराचा दगडी कोळसा दीर्घकाळ वेल्समधून मिळत असे. २०२३ च्या अखेरीस तेथील फोस-इ-फ्रान ही मोठी उघडी खाण बंद झाली. हवामानाच्या दृष्टीने तो निर्णय उचितच होता. मात्र तेव्हापासून ब्रिटनमधील वारसा म्हणून चालविल्या जाणाऱ्या आगगाड्या आणि आगबोटी आयात कोळशावर किंवा कोळशाच्या भुकटीपासून बनविलेल्या गोळ्यांवर अधिकाधिक अवलंबून राहू लागल्या. या गोळ्यांची आच, राख आणि ज्वालेची लांबी निराळी असते. चालकांना भट्टी सांभाळण्याची रीत त्यानुसार नव्याने बसवावी लागते आणि दीडशे वर्षांपूर्वीच्या कोळशासाठी आखलेल्या जाळ्या व नळ्या या नव्या आगीला किती साथ देतात, याची नोंद प्रत्येक नौकेच्या रोजवहीत फेरीगणिक होत आहे.